दाजींच्या नाकाऐवजी एक पट्टी

"दार लाव! आरं कोन हाय त्यो? दार लाव आधी, मग मर कुठं मरायचंय त्ये!"

ही आमच्या दाजींची पाहुणचाराची पद्धत. सख्खा मेव्हणा चार महिन्यांनी नांदेडहून भेटायला आलाय, हातात आक्कानं दिलेला डबा आहे, आणि आतून आरोळी अशी की जणू मी दरोडा घालायला आलोय. मी दार लावलं. पण लावायच्या आधी आत शिरलो, ही माझी चूक.

लातूरहून औशाकडं निघालं की रस्त्याला लागून पत्र्याचं एक गॅरेज आहे. पुढं उघड्यावर एक म्हातारे चाचा हातोडीनं गाड्यांचे पोचे काढतात आणि मागच्या खोलीत दाजी रंग मारतात. त्या खोलीला एक खिडकी होती, ती पत्रा ठोकून बंद केली. पत्र्याला भोकं होती, ती चिंध्यांनी बुजवली. चिंध्यांच्या फटींवर चिकटपट्टी. दाराला आतून ओलं गोणपाट, जमिनीवर पाणी मारलेलं. मुंगीला आत यायचं असेल तर तिनं सहाही पाय धुऊन यायचं, असा कारभार. आणि हे सगळं कशासाठी, तर धुळीसाठी. आमच्याकडं उन्हाळ्यात रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला की समोरचं दुकान दहा मिनिटं दिसत नाही, आणि दिसायला लागतं तेव्हा दुकानदार म्हातारा झालेला असतो. त्या धुळीचा एक कण ओल्या रंगावर बसला की तिथं दाणा उठतो, आणि दाणा उठला की पेंटरची इज्जत गेली. दाजींच्या रंगावर दाणा नसतो. त्यांनी रंगवलेल्या बॉनेटमध्ये बघून लोकांनी दाढ्या केल्यात. एका नवरदेवानं तर लग्नाच्या दिवशी आरसा सोडून बॉनेटसमोरच फेटा बांधला. खोटं वाटत असेल तर चाचांना विचारा.

पण त्या दिवशी आत गेलो तेव्हा खोलीत थिनरचा वास नव्हता. खोलीत थिनरच होतं, चवीपुरती हवा घातलेलं. डोळ्यांतून पाणी, घशात काटे. भिंतीवरची पाल माझ्यादेखत खाली पडली, उठली, आणि चुकीच्या दिशेनं चालायला लागली. दाजी मात्र रंग फवारायची गन हातात घेऊन, तोंडावर ओली दस्ती बांधून, देवाची मूर्ती रंगवावी तशा भक्तीनं गाडीच्या दरवाजावर रंगाचा हात मारत होते.

"दाजी, वास केवढा हो!"

"कशाचा?"

"थिनरचा!"

"मला तर कायच येत न्हाई," दाजी म्हणाले, आणि गंमत करत नव्हते.

घरी आल्यावर आक्कानं सगळं सांगितलं. तिचा नवरा ओट्याला टेकून पेपर वाचत होता आणि शेजारी दूध उतू जाऊन, करपून, भांड्याचा कोळसा झाला. शेजारीण वासानं पळत आली, ह्यांनी पान उलटलं. पुढच्या आठवड्यात गॅसचं बटण अर्धं उघडं राहिलं. "मी देवळातून आले म्हनून वाचलो," आक्का म्हणाली. "हे घरातच होते. घर भरलं होतं गॅसनं, आन् हे टीव्ही बघाय लागले होते." दाजींचे हात थरथरायचे म्हणून चहा कपातून न देता ती आता पेल्यातून द्यायची, बशीचा खडखडाट त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. डोकं तर रोजच दुखायचं. लातूरच्या डॉक्टरनं थिनरपासून लांब राहा असं स्पष्ट सांगितलं होतं. दाजींनी घरी येऊन सांगितलं, डॉक्टरनं तेलकट कमी खायला सांगितलंय.

"तू त्या कॉलेजात वासातच असतोस की रे," आक्का मला म्हणाली. "कायतरी कर. त्या शेठला पंखा तरी बसवाय लाव. न्हाईतर ह्यांना तितनं उठव. मला नवरा पायजे, मला त्यांचं ते चकाकनं नको."

मी दुसऱ्या दिवशी शेठकडं गेलो. शेठ म्हणजे गॅरेजचा मालक. पांढरे कपडे, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि बसायला जागा अशी निवडलेली की वारा नेहमी त्याच्या बाजूनं खोलीकडं जाईल. मी म्हणालो, भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा, समोरच्या बाजूनं हवा आत घ्या आणि तिच्या वाटेत ओलं गोणपाट लावा. धूळ गोणपाटात अडकेल, वाफ बाहेर जाईल. ह्यात रॉकेट उडवायचं नव्हतं.

"मास्तर," शेठ म्हणाला, "आत वास हाय असं कोन म्हनतंय? तुमी. तुमी आत किती वेळ होतात? दोन मिनिटं. पेंटर किती वर्सं हाय? त्याला इचारू की." आणि दाजींना हाक मारली. "पेंटर, वास येतो का वो आत?"

"न्हाई शेठ."

"बघा."

माझ्या डोक्यात जे पेटलं ते अजून विझलेलं नाही. ज्या वासानं माणसाचं नाक मारलं, त्याच वासाच्या खटल्यात ते मेलेलं नाक साक्षीदार! आणि वर दाजी मलाच म्हणतात, "पाव्हणं, पंख्यानं धूळ येती. माझ्या रंगावर धूळ आनतो का काय?"

मी नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट आहे. तिथं मला सगळे मामा म्हणतात. मी मास्तर फक्त लातुरात होतो, तेही टोमणा मारायचा असला तर. आमच्याकडं संशोधन करणारी एक मॅडम होती. किनवटच्या वसतिगृहात राहून शिकलेली, बोलायला कमी, कामाला राक्षस. ती मऊ पट्ट्या बनवायची. बोटभर रुंद, वीतभर लांब, केळीच्या सालीसारख्या लवलवीत. काचेच्या बरणीत तळाशी थिनरचे चार थेंब टाकायचे, वर पट्टी सोडायची, की झालं. वायर नाही, सेल नाही, हात नाही, आणि पट्टी आपली आपण वाकायला लागते. झाकण काढलं की हळूहळू सरळ. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दोन पावलं मागं सरलो होतो. कोणी म्हणेल मी पळालो. मी सरलो होतो.

"मामा, यात जादू नाही," मॅडम म्हणाली होती. "एका बाजूला रबर आहे, दुसऱ्या बाजूला पातळ प्लास्टिक. वाफ रबरात शिरते, रबर फुगतं. प्लास्टिक फुगत नाही. दोघं एकमेकांना चिकटलेले, मग जाणार कुठं? वाकतात."

मला पटलं. उन्हात वाळत घातलेला पापड वरून आधी सुकतो आणि कडेनं वळतो, त्यातलाच प्रकार. तिला त्यातून म्हणे यंत्राची मऊ बोटं करायची होती, फळ न चिरडता उचलणारी. मला त्यातून शेठची मान वाकवायची होती.

नांदेडला परतल्यावर मी तिला दाजींची सगळी कथा सांगितली. थोडी वाढवून, माझ्या सांगण्यात पालीबरोबर एक मांजरही पडलं. ती हसली नाही. तिनं दोन पट्ट्या काढून दिल्या आणि म्हणाली, "मामा, हे मोजायचं यंत्र नाही. किती वाफ आहे ते सांगणार नाही, आहे एवढंच दाखवेल. वाकली की माणसाला बाहेर काढा. आणि सरळ झाली म्हणजे सगळं ठीक झालं, असं कोणाला समजू देऊ नका."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं. सांगतो ना, नीट ऐकलं. आणि लातूरच्या गाडीत बसेपर्यंत विसरलो.

पट्ट्या कागदी पाकिटात घालून मी एसटीनं निघालो. शेजारी एक बाई नखांना रंग लावत होती. मी पाकीट जरा उघडलं, तर आतली पट्टी अशी वळली की पाकीटच मांडीवर बसल्या जागी कलंडलं. बाईनं विचारलं, आत काय हाय? म्हणालो, नाक हाय. ती उठून पुढच्या सीटवर गेली.

गॅरेजवर पोचलो आणि शेठ, चाचा, दाजी, सगळ्यांसमोर पट्टी रंगाच्या खोलीत तारेला टांगली. दार लावलं. दाजींनी गन चालू केली. दाराच्या फटीला डोळा लावून आम्ही तिघं. पहिल्या हाताला पट्टीनं खालचं टोक उचललं. दुसऱ्या हाताला तिचा आकडा झाला. तिसऱ्याला तिनं नमाजात कमरेतून वाकावं अशी कमान घेतली की चाचा म्हणाले, "या अल्ला, ये तो रुकू में चली गई!"

"बघा शेठ!" मी ओरडलो. "ह्या पट्टीला ना तुमच्याकडनं पगार, ना तुमची भीती! ही खोटं बोलती का?"

शेठनं फटीवरून डोळा काढला. मग म्हणाला, "भारी वस्तू हाय, मास्तर. ऱ्हाऊ द्या हितं."

मी जिंकलो असं मला वाटलं. दुसरी पट्टी आक्काच्या स्वयंपाकघरात लावली, तिला पंखा बसणार म्हणून सांगितलं आणि छाती फुगवून नांदेडला आलो. प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितलं की औशाच्या रस्त्यावर आता पंखा बसतोय, इतका मोठा की सोलापूरचे ढग लातुरात खेचील.

पंधरा दिवसांनी आक्काचा फोन. "आरं, ती पट्टी."

"काय झालं?"

"ह्यांनी घरात पाय टाकला की वाकती. कपडे बदलून, आंघोळ करून, जेवाय बसले तरी जरा वाकडीच. आदी एवढी वाकत नव्हती. आठ दिवसापासून लईच वाकाय लागलीय." मग म्हणाली, "पंखा बसनार म्हनलास ना तू?"

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मी लातूरला.

चाचा बाहेर एकटेच चहा पीत बसले होते. रंगाच्या दोन हातांच्या मधे, पहिला सुकेपर्यंत, दाजी नेहमी बाहेर यायचे, चाचांच्या बाकड्यावर बसायचे, एक चहा व्हायचा, दोघं मिळून शेठला चार शिव्या द्यायचे. दिवसातून सात-आठ वेळा. दाजींच्या छातीत जी काय खरी हवा जायची ती तेवढीच.

"दाजी कुठायत?"

चाचांनी कप खोलीकडं केला. "अंदरीच हैं। अब बाहर किधर आते? तेरी पट्टी देखते बैठते।"

मला कळेना. चाचांनीच समजावलं, आणि ऐकता ऐकता माझे कान तापले. दाजी कारागीर माणूस. चार दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की हात मारला की पट्टी वाकते, आणि रंगातून वाफ निघायची कमी झाली की सरळ होते. म्हणजे पट्टी सरळ झाली की पुढचा हात मारायला रंग तयार! बोट लावून बघायला नको, अंदाज नको, चहा नको. शेठ तर खुळ्यासारखा खूश झाला. पहिल्या दिवशी तारेला होती ती पट्टी आता रंगवलेल्या पत्र्याच्या वर वीतभर अंतरावर बांधलेली होती. तिला हळदीकुंकू लावलेलं होतं. आणि वारा लागला की ती लवकर सरळ होते, म्हणजे खोटं सांगते, म्हणून पट्टीच्या भल्यासाठी दाराच्या उरलेल्या फटीही बुजवल्या होत्या. आत दाजी डब्यावर बसून, तिच्याकडं टक लावून, ती कधी सरळ होते त्याची वाट बघत.

ज्या पट्टीनं त्यांना बाहेर काढायचं होतं, तिनं त्यांचा चहाही काढून घेतला. आणि ती मी आणून दिली होती. मी! माझ्या हातानं, एसटीत मांडीवर ठेवून!

शेठनं मला बघितलं आणि हात वर केला. "या सायंटिस्ट! अजून धा पट्ट्या पायजेत. दिवसाला एक गाडी जास्त निघाय लागली."

मी त्याला काय काय बोललो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. माझा आवाज लातूरच्या स्टँडवर ऐकू गेला आणि तिथल्या दोन गाड्या वेळेआधी सुटल्या. मी म्हणालो, माणूस मरायलाय आत आणि तुम्ही पट्टीला कुंकू लावता? शेठ म्हणाला, मरायलाय म्हनता, तो तर डोकं दुखतंय एवढंच म्हनतो. मी म्हणालो, तुम्ही बसा आत, एक दिवस, फक्त एक दिवस. शेठ म्हणाला, "मी कायला बसू? मला येतो की वास."

ह्या माणसाला वास येत होता! पहिल्यापासून येत होता! म्हणून तर त्याची खुर्ची वाऱ्याच्या त्या बाजूला होती.

मी वळलो आणि खोलीच्या दाराला लाथ घातली. दोन्ही फळ्या भिंतीवर आपटल्या. गोणपाट ओढून फेकलं. खिडकीच्या पत्र्याला हात घातला, तो निघाला नाही, तर कोपऱ्यातला दांडका घेऊन घातला, निघाला. आतली हवा बाहेर आली ती अंगावर गरम फडकं टाकल्यासारखी. चाचा खोकत उठले. आत एका पुढाऱ्याची काळी गाडी, बॉनेटवर शेवटचा हात नुकताच मारलेला, विहिरीच्या पाण्यासारखं काळंभोर, ओलं. आणि डब्यावर दाजी. डोळे लालभडक, दस्ती हनुवटीवर.

"दार लाव!" दाजी ओरडले. "आरं दार लाव, रंग वला हाय!"

"न्हाई लावत!"

"पाव्हणं, पाया पडतो, दार लाव!"

मी दारात पाय रोवून उभा राहिलो. आणि नेमका त्याच वेळेला रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. ट्रॉली रिकामी, चालवणारा जोरात. मी ह्या एका बाबतीत वाढवून सांगत नाही: धूळ दारातून आत आली, उंच, सावकाश, ओळखीची असल्यासारखी, आणि बॉनेटवर बसली. काळ्या रंगावर पीठ चाळल्यासारखी.

पट्टी बघता बघता सरळ झाली.

शेठ आता खरा ओरडायला लागला. उद्याची मिरवणूक, पुढाऱ्याची गाडी, त्याचं नाव, माझ्या सात पिढ्या. मी त्याच्या आठव्या पिढीपर्यंत गेलो. रस्त्यावर लोक थांबले. एका पानवाल्यानं टपरी बंद करून गर्दीत जागा पकडली. मी त्या गर्दीला सांगत होतो, बघा, हा माणूस वास घेऊ शकत नाही, ह्याला घरातला गॅस कळत नाही, हात थरथरतात म्हणून ह्याची बायको पेल्यातून चहा देते! हे मी बोलायला नको होतं. बोलल्यावर कळलं. दाजींनी माझ्याकडं एकदा बघितलं. पेल्याचं कारण त्यांना आजपर्यंत माहीत नव्हतं.

मग ते उठले. मला वाटलं, बाहेर येतील. चाचांनी बाकड्यावरून सरकून जागासुद्धा केली. दाजी बॉनेटपाशी गेले, वाकले, एक डोळा मिटून रंगाच्या पातळीवर बघितलं. बोटाच्या टोकानं एक दाणा टिपला. कोपऱ्यातून पाण्याचा डबा आणि पॉलिश पेपर काढला. हात थरथरत होता. बॉनेटवर ठेवला की थरथर थांबली. मी पडलेलं गोणपाट पायाखाली दाबून धरलं होतं. त्यांनी वाकून ते माझ्या पायाखालून ओढलं, पाण्यात बुचकळलं, आणि पुन्हा दाराच्या खिळ्याला लावायला लागले.

माझा आवाज बसला होता. "दाजी, चला की घरी. आक्का वाट बघतीय. तिला काय सांगू मी?"

त्यांनी दस्ती नाकावर चढवली.

"सांग, जेवायला थांबू नको. बॉनेट पुन्हा घासावं लागंल."